परीक्षेच्या धास्तीतून एक दिवस अलिबागला

अभ्यास चाललेला असतो, सराव परीक्षेत गुणही बरे पडतात, तरी रात्री पुस्तक मिटताना ‘हे आपल्याला जमायचं नाही’ हे वाक्य डोक्यात घोळत राहतं. पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांमधल्या अशाच भावनेवर लिहिलं. यश मिळालं ते नशिबानं, आणि एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार, अशी ती धास्ती. ती विद्यार्थ्यांना, मुलगे असोत की मुली, चांगलीच ओळखीची आहे.

मुंबईत राहून अभ्यास करत असाल तर यावर एक साधा उतारा हाताशी आहे: सकाळी बोटीने अलिबागला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. मात्र नुसतं जाऊन भागत नाही. क्रम पाळावा लागतो.

आदल्या रात्री वहीच्या एका पानावर आपली शंका एका वाक्यात लिहा. ‘मला काहीच येत नाही’ असं मोघम लिहू नका. ‘अर्थशास्त्राच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न राहून जातात’ असं लिहा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. मोघम शंकेला उत्तर नसतं, त्यामुळे ती बोटीतही सोबत येते.

दिवस निवडताना एक पथ्य पाळा. दुसऱ्या दिवशीची चाचणी टाळायला निघत असाल तर निघू नका. टाळलं की लगेच बरं वाटतं आणि मनाला टाळण्याचीच चटक लागते. चाचणी देऊन मग जा.

आता भरती-ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथवर चालत जाता येतं. वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब असा: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, सव्वादोनच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच. एका दिवसाच्या फेरीला एकादशी-द्वादशी सोयीची पडते. (उपवास असेल तर डबा साबुदाण्याचा घ्या.) सप्तमी ते नवमीच्या भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी पुरतं मागे हटत नाही, ते दिवस टाळा. हा हिशोब अंदाजाचा आहे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा.

गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात पोचता येतं. काही कंपन्यांच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस असते. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ तिकीट काढतानाच विचारून ठेवा.

पिशवीत पाणी, डबा, टोपी, वही आणि पेन एवढंच ठेवा. पुस्तक नको. किनाऱ्यावर ते उघडलं जात नाही आणि न उघडल्याची टोचणी मात्र दिवसभर लागते. सोबत एखादाच मित्र किंवा मैत्रीण असावी, तीही गुण न विचारणारी. मोठा घोळका नेलात तर दिवस फोटोंत जातो.

बोट सुटली की फोन पिशवीत टाका. हिवाळ्यात सीगल पक्षी बोटीमागे येतात. कुणीतरी वेफर्स उडवतं आणि पक्षी ते हवेतल्या हवेत टिपतो. तुम्ही वेफर्स टाकू नका, नुसतं बघा. रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं असं की, अभ्यासात आपण जोर लावून लक्ष धरून ठेवतो आणि ते लक्ष थकतं. लाटा, पक्षी, झाडं लक्ष आपणहून वेधून घेतात, तेवढ्या वेळात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. फोनवर बोट फिरवत राहिलात तर हा विसावा मिळत नाही.

अलिबागला उतरल्यावर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बिळांभोवती मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्या मांडलेल्या दिसतील. वाळूतलं खाणं चोखून घेऊन उरलेली वाळू ते अशी गोळा करून टाकतात. पुढे खडक लागतात. त्यांवरची कालवं पायाला कापतात, म्हणून चपला काढू नका. पाणी चढू लागलं की ते किल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी येतं. पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आत परत किनाऱ्यावर असा. पोहण्याचा मोह धरू नका.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० च्या सुमारास सुरू केलं आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत गणपतीचं देऊळ आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीरही आहे. देवळाजवळच्या सावलीत बसून वही उघडा.

रात्री लिहिलेल्या वाक्याखाली दोन गोष्टी लिहा. शंका खरी ठरवणारा पुरावा कोणता आणि खोटी ठरवणारा कोणता? दोन्हीकडे घडलेलंच लिहायचं: गेल्या चाचण्यांचे गुण, सहा महिन्यांपूर्वी न येणारा आणि आता येणारा एखादा धडा. ‘सगळे माझ्यापेक्षा हुशार आहेत’ हा पुरावा होत नाही. वसतिगृहात किंवा अभ्यासिकेत ही मोजदाद नीट होत नाही, कारण शेजारच्या टेबलावरचा मुलगा सतत डोळ्यांसमोर असतो. अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेची गोष्ट अशीच आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, मुंबईतल्याच कुलाब्यातली चुंबकीय मोजणी त्याने बिघडणार होती, म्हणून १९०४ मध्ये ही वेधशाळा अलिबागला उभी राहिली. मोजणीसाठी जागा बदलावी हे इंग्रज साहेबालाही पटलं होतं!

शेवटी त्याच पानावर परतल्यावर करायचं एकच काम लिहा, तासाभरात संपेल असं. ‘अर्थशास्त्राचे दोन प्रश्न घड्याळ लावून सोडवणार’, बस. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा भरवसा सर्वांत पक्का होतो तो स्वतः काहीतरी करून दाखवल्याने. आपल्यासारख्याला जमलेलं पाहून, कुणी धीर दिल्याने, अंगातली धडधड कमी झाल्यानेही तो वाढतो, पण कमी. म्हणूनच घरच्यांचं ‘तू हुशार आहेस रे’ दोन दिवसांत विरतं. समुद्र धडधड कमी करतो. प्रश्न आपल्यालाच सोडवावे लागतात.

ते काम त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन उघडण्याआधी करा. हे राहिलं तर अलिबाग छान झालं एवढंच म्हणता येईल.

अशी फेरी महिन्यातून एखादी पुरे. दर आठवड्याला जावंसं वाटू लागलं तर अडचण वेळापत्रकात किंवा विषयाच्या निवडीत असू शकते, शिक्षकांशी बोला. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सहलीची वाट बघू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.