कॅराबिनरवरचं ‘२२ केएन’ म्हणजे नक्की किती किलो?

परवा नागफणीच्या रॅपलिंगची तयारी चालली होती. पुण्यातल्या आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एकाने कॅराबिनरचा फोटो टाकून विचारलं, “यावर २२ लिहिलंय, मी तर ७० किलोचा आहे. तुटणार नाही ना?”

प्रश्न हसण्यासारखा नाही, कारण तो आकडा किलोचा नाहीच. केएन म्हणजे किलोन्यूटन, म्हणजे १००० न्यूटन. किलोने आपण वस्तुमान मोजतो, न्यूटनने बल. एक किलोच्या वस्तूला पृथ्वी जेवढ्या बलाने ओढते, त्याला एक किलोग्रॅम-फोर्स (केजीएफ) म्हणतात. ते ९.८०६६५ न्यूटन एवढं धरतात. (पुण्यात खरी ओढ ९.७८ च्या आसपास भरते, पण आपल्याला ९.८ पुरे.)

म्हणजे न्यूटनचे केजीएफ करायचे तर ९.८ ने भागा. २२,००० न्यूटनचे साधारण २,२४० केजीएफ होतात. तोंडी हिशोब करायचा असेल तर केएनला सरळ १०० ने गुणा, २,२०० येतात. उत्तर दोनेक टक्के कमी येतं, पण मजबुती मोजताना कमी आलेलं बरंच!

आता ७० किलोचा माणूस नुसता लटकला तर ०.७ केएन. मग २२ कशाला? कारण झटका. क्लाइंबिंगच्या नव्या डायनॅमिक दोराची चाचणी घेताना ८० किलोचं वजन पाडतात आणि पहिला झटका १२ केएनच्या आत बसावा लागतो. १२ केएन म्हणजे सुमारे १,२०० किलोचा भार, वजनाच्या पंधरापट! चाचणी मुद्दाम कडक असते. नीट केलेल्या रॅपलिंगमध्ये एवढा झटका येत नाही.

कॅराबिनरवरचे बाकीचे छोटे आकडेही वाचा. साध्या कॅराबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० केएन लागतात, पण गेट उघडं असताना किंवा भार आडवा आला तर युरोपियन मानकात फक्त ७ मागितले आहेत. म्हणून स्क्रू फिरवून गेट लॉक करायचं.

फोनच्या कन्व्हर्टर अ‍ॅपमध्ये ‘वेट’ किंवा ‘मास’ उघडलंत तर न्यूटन सापडणार नाही, ‘फोर्स’ शोधा. तिथे ‘किलोपॉंड’ दिसलं तर ते केजीएफच. डाइन मात्र फारच लहान, एका न्यूटनमध्ये एक लाख.

आणि किचेनच्या ज्या कॅराबिनरवर केएनचा आकडाच नाही, त्याला फक्त किल्ल्या लटकवा.