विद्यापीठांतील संशोधन आणि परदेशी हस्तक्षेप: अमेरिकेतील गैरसमज आणि वस्तुस्थिती

संशोधनातील परदेशी हस्तक्षेप म्हणजे हेरगिरीच, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांच्यावर हेरगिरीचा आरोपच नव्हता. वुहान तंत्रज्ञान विद्यापीठाशी आणि चीनच्या ‘थाउजंड टॅलेंट्स’ या संशोधक-भरती योजनेशी असलेल्या संबंधांबाबत त्यांनी सरकारी यंत्रणांना खोटी माहिती दिली आणि तिथली कमाई कर-विवरणपत्रात दाखवली नाही, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये ते दोषी ठरले. गुन्हा लपवाछपवीचा होता.

सरकारी धोरणाचा भरही माहिती उघड करण्यावरच आहे. वर्षाला अडीच लाख डॉलर किंवा त्याहून अधिक परदेशी देणगी वा करार असल्यास विद्यापीठाने तो केंद्रीय शिक्षण खात्याला कळवावा, ही तरतूद १९८६ पासूनची आहे. काही राज्ये याहून कडक आहेत. फ्लोरिडाने २०२१ मध्ये ही मर्यादा पन्नास हजार डॉलरवर आणली आणि चीन, रशिया, इराणसह सात देशांशी होणाऱ्या व्यवहारांवर वेगळी बंधने घातली.

मग चिनी सहकाऱ्याबरोबर शोधनिबंध लिहिणेही बेकायदा ठरते का? नाही. २०२२ च्या ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्याने घातक ठरवलेल्या परदेशी भरती योजनांत सामील असलेल्यांना केंद्रीय निधी नाकारला, पण परिषदांना जाणे, निबंध प्रसिद्ध करणे, खुली आणि परस्पर देवाणघेवाण यांना त्याच कायद्याने मोकळीक दिली. मूलभूत संशोधन शक्य तितके खुले राहावे, हे १९८५ चे राष्ट्राध्यक्षीय धोरणही कायम आहे.

संशोधकाचे मूळ पाहून संशय घेणे म्हणजे सुरक्षा, ही समजूत सर्वांत घातक म्हणावी लागेल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘चायना इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी न्याय खात्याच्या मोहिमेने ते दाखवून दिले. एमआयटीचे चिनी वंशाचे प्राध्यापक गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली आणि वर्षभराने सरकारने स्वतःच खटला मागे घेतला. एका निरपराध शास्त्रज्ञाचे ते वर्ष कोणीही भरून देऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही मोहीम बंद झाली.

हे नियम फक्त चीनशी संबंध असणाऱ्यांसाठी आहेत, हेही खरे नाही. अमेरिकी सरकारचा निधी मागणाऱ्या मराठी संशोधकाला पुण्या-मुंबईतील संस्थेकडून मिळणारे संशोधन अनुदानही अर्जात नोंदवावेच लागते.