इंग्लंडमधील भाड्याची खोली आणि अडवलेली अनामत

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील विद्यार्थी इंग्लंडला शिकायला जात आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास खाजगी खोली घ्यावी लागते. आठवड्याला १८० पौंड भाडे धरले तर पाच आठवड्यांची अनामत ९०० पौंड, म्हणजे लाखाच्या घरात रुपये होते. कोर्स संपल्यावर मालक ती अडवतो आणि परतीचे तिकीट हाती असलेला विद्यार्थी ‘जाऊ दे’ म्हणत विमानात बसतो. ही रक्कम सोडून देण्याचे कारण नाही.

इंग्लंडमधील २०१९ च्या कायद्याने सर्वसाधारण खोलीसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. ती सरकारमान्य संरक्षण योजनेत ३० दिवसांच्या आत नोंदवणे मालकावर बंधनकारक आहे. नोंदवली नसेल तर न्यायालय एक ते तीन पट रक्कम भाडेकरूस देववू शकते. मात्र त्या मागणीची कार्यपद्धती वेगळी आहे, तेव्हा आधी सल्ला घ्यावा. मालक त्याच घरात राहत असेल तर हे संरक्षण लागू होत नाही.

वाद झाल्यास योजनेची तंटा-निवारण सेवा विनामूल्य मिळते. नुकसान झाले हे मालकाने सिद्ध करायचे असते. नेहमीच्या वापराने विटलेल्या गालिच्याचे पैसे कापता येत नाहीत. म्हणून राहायला गेल्याच दिवशी भिंती, गादी, न्हाणीघर यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत. आमच्या मते निम्मे भांडण तिथेच मिटते.

एवढ्याने न भागल्यास १४ दिवसांची मुदत देणारे पत्र पाठवावे व नंतर काउंटी कोर्टात लहान दाव्यांच्या विभागात दावा लावावा. तेथे साधारणतः १०,००० पौंडांपर्यंतचे दावे चालतात. अर्ज संगणकावरून करता येतो. फी दाव्याच्या रकमेप्रमाणे असते व जिंकल्यास ती सहसा प्रतिवादीकडून मिळते. वकील लागत नाही. मालक ‘माझ्या वकिलाचा खर्च तुझ्यावर पडेल’ अशी धमकी देतो, पण या विभागात तसा खर्च सहसा लादला जात नाही. मालकाने दावा नाकारल्यास, मे २०२४ पासून, फोनवरून तासाभराची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे.

निकालानंतर महिन्याभरात पैसे न भरल्यास मालकाची नोंद सहा वर्षे सार्वजनिक नोंदवहीत राहते व कर्ज मिळणे अवघड होते. दावा सहा वर्षांपर्यंत लावता येतो. मात्र मालकाचा पत्ता मायदेशी निघण्यापूर्वीच लेखी घेऊन ठेवावा.