नाच्याचं नाव

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांचा रथ निघतो आणि आरम नदीकाठी यात्रा भरते. 1870-71 च्या दुष्काळात सरकारी खजिना रयतेला वाटून टाकणाऱ्या मामलेदाराची ही यात्रा. बागलाणात यात्रा म्हटली की पाळणे, भांड्यांची दुकानं आणि रात्रीचा तमाशा. कनातीत गण संपतो, गवळण सुरू होते, आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची म्होरकी म्हणून मावशी पुढे येते. ही मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. तिच्या प्रत्येक वाक्याला हशा असतो. तो हशा कुणाच्या जिवावर उभा आहे, हे मात्र आपण क्वचितच पाहिलं.

लावणीत बोलणारी स्त्री बहुतेक वेळा पुरुषाच्या लेखणीतून आली. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, सटाण्याच्याच नाशिक जिल्ह्यातल्या वावीचे शिंपीकाम करणारे शाहीर परशराम, हे सगळे पुरुष. त्यांनी लिहिलेली विरहिणी फडावर नाचवली तीही लुगडं नेसलेल्या पोरांनी. शाहीर पठ्ठे बापूरावांसोबत पवळाबाई उभ्या राहिल्या, तोवर तमाशातली बाई म्हणजे बहुतेक वेळा नाच्या पोऱ्याच होता. म्हणजे मराठी शृंगाराची भाषा पिढ्यान्‌पिढ्या घडली ती बाईपण अंगावर घेतलेल्या पुरुषांच्या देहातून. हा वारसा आपण मिरवतो. तो वाहणाऱ्यांना मात्र उंबऱ्याबाहेर ठेवतो.

संगीत नाटकाकडे पाहा. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, स्त्रीवेशात उभे राहिले. त्यांच्या साडीची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायकांनी केली. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला शिट्ट्या आल्या आणि शिव्याही. दोघांचं काम एकच होतं. फरक होता तो जातीचा, नाट्यगृहाचा आणि तिकीट घेणाऱ्या वर्गाचा.

कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी हा फरक आयुष्यभर सोसला. तमाशापटांत त्यांनी नाच्या इतका हुबेहूब उभा केला की लोकांनी त्यांनाच ‘तसला’ ठरवलं. ते संसारी होते, मुलाबाळांचे बाप होते; तरी संशयाचा चटका घरच्यांनाही बसला. 2008 मध्ये ते गेले. त्यांच्या दुःखात आणखी एक दुःख दडलेलं आहे: ते खरोखरच समलिंगी किंवा तृतीयपंथी असते, तर त्यांची हेटाळणी योग्य ठरली असती का? ‘तो तसा नव्हता हो’ असं सांगून आपण एका माणसाची सुटका करतो आणि जे ‘तसे’ आहेत त्यांना पुन्हा चिखलात ढकलतो.

आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ चित्रपट 1 जानेवारी 2010 ला आला. पिळदार अंगाचा गुणा कागलकर फडासाठी नाच्या होतो. त्यासाठी घर गमावतो, बलात्कारही सोसतो. अजय-अतुल यांच्या चालींनी महाराष्ट्र नाचला. पण वरातींत वाजत राहिल्या त्या सोनाली कुलकर्णी आणि अमृता खानविलकर यांच्या लावण्या. गुणा डीजेच्या भिंतीआड गेला. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’चंही तेच झालं. देवीला सोडलेल्या जोगत्याची ती कथा. उपेंद्र लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली गाणी लग्नमंडपात आजही लागतात, जोगता मात्र मंडपाच्या दारात पैसे मागत उभा.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. पुण्या-मुंबईत पुरुष लावणी कलावंतांचे कार्यक्रम तिकीट लावून होतात. ‘चंद्रमुखी’ चित्रपटातल्या लावणीवर खेड्यापाड्यांतली पोरं मोबाइलसमोर बिनधास्त नाचली. त्या रीलखालच्या शिव्या वाचल्या की कनातीतला जुना हशा ओळखू येतो.

दिवाळीनंतर काही आठवड्यांत सटाण्याची यात्रा येईल. यात्रा भरवणाऱ्यांना विनंती आहे: फडाच्या जाहिरातीत मावशीचं काम करणाऱ्याचं नाव छापा, आणि गर्दीतून त्याच्या अंगाला हात लागला तर खेळ थांबवून हात लावणाऱ्याला कनातीबाहेर काढा.