स्प्लेंडर सोडून बुलेट घेताय? आधी वजनाचा हिशोब बघा

स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, बुलेट ३५० तब्बल १९५ किलोची. म्हणजे युरियाच्या जवळपास दोन गोण्या जास्त! हायवेला हे वजन जाणवत नाही, उलट गाडी दबून चालते. खरी परीक्षा पाणंदीत आणि दारात गाडी वळवताना. स्प्लेंडर कलली तर पायावर सावरते. बुलेट जास्त कलली की धरून ठेवू नका, पाय खाली सापडतो. सोडून द्या, क्रॅश गार्ड वाकला तर वाकू द्या. हळू वळताना पुढचा ब्रेक दाबला तर गाडी आडवी झालीच समजा. मागचाच हलका दाबा. ओल्या रानात साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. दुधाचे कॅन अडकवणाऱ्यांनी पहिले आठ दिवस रिकामी गाडीच मैदानात फिरवावी.