छापखान्यांतील कच्चीं पुस्तकें

ग्रंथांच्या शौकिनांमध्यें एक लहानसा पंथ असा आहे कीं, सुबक बांधणी आणि सोनेरी अक्षरें त्याला मोह घालीत नाहींत. साध्या कागदी वेष्टनांतल्या, चुकांसकट राहिलेल्या आणि विक्रीसाठीं मुळींच न काढलेल्या प्रती तो शोधीत असतो. कादंबरी बाजारांत येण्यापूर्वीं निघालेलीं हीं तिचीं प्रुफें होत. त्यांतील कांहींना पहिल्या आवृत्तीहूनहि अधिक मोल येतें, याचें बाहेरच्या माणसाला नवल वाटणें साहजिक आहे.

सर्व प्रुफें एका जातीचीं नसतात. खिळ्यांच्या छपाईच्या काळांत जुळाऱ्यानें जुळविलेला मजकूर प्रथम लांबट पट्ट्यांवर उठवीत, या गॅल्या. लेखकानें त्या तपासल्या कीं पानें पाडीत आणि त्यांचें पुन्हा प्रुफ काढीत. बांधलेलें प्रुफ याहून निराळें. समीक्षक व पुस्तकविक्रेते यांना आगाऊ धाडण्यासाठीं प्रकाशक थोड्या प्रती कागदी वेष्टनांत काढतो, आणि मजकूर अद्याप दुरुस्त झालेला नाहीं अशी सूचना तींवर छापतो. खासगी संग्राहकाच्या हातीं बहुधा हीच जात लागते.

प्रुफाचें खरें मोल त्याच्या दुर्मिळपणांत नाहीं. लेखकाचें मन तेथें अजून ठरलेलें नसतें, यांत आहे. १९१३ सालीं मार्सेल प्रूस्त याच्या कादंबरीच्या पहिल्या भागाच्या गॅल्या आल्या, तेव्हां त्यानें समास लिहून भरलेच, वर कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या आणि ग्रंथाचें मूळ नांवहि खोडून नवें घातलें. जेम्स जॉइस तर त्याच्याहि पुढें गेला. दिजाँ येथील दारान्तिएर याच्या छापखान्यांत 'युलिसिस'चे खिळे हातानें जुळविले जात होते. जॉइस प्रत्येक प्रुफावर नवी भर घाली आणि बिचारे फ्रेंच जुळारी परक्या भाषेंतलीं तीं वाक्यें पुन्हा जुळवीत. ग्रंथाचा सुमारें तृतीयांश अशा रीतीनें प्रुफांवरच वाढला. २ फेब्रुवारी १९२२ रोजीं तो प्रसिद्ध झाला तो अर्थातच चुकांनीं भरलेला. तीं प्रुफें पुढें हार्वर्ड, बफेलो व टेक्सास येथील ग्रंथसंग्रहांत विखुरलीं; पण तीं राहिलीं म्हणूनच हान्स वाल्टर गाब्लर याला १९८४ सालीं त्या ग्रंथाची संशोधित आवृत्ति सिद्ध करतां आली. रद्दींत गेलीं असतीं तर?

व्हर्जिनिया वुल्फ हिनें 'टु द लाइटहाउस'चीं इंग्लंडचीं आणि अमेरिकेचीं प्रुफें वेगवेगळीं दुरुस्त केलीं. परिणामीं १९२७ सालीं दोन्ही देशांतील वाचकांच्या हातीं कांहीं ठिकाणीं भिन्न पाठ पडले.

ईव्हलिन वॉ याच्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड'ची हकीकत संग्राहकांना विशेष प्रिय आहे. १९४४ च्या नाताळासाठीं त्यानें स्नेह्यांकरितां पन्नास प्रती बांधून घेतल्या होत्या. युद्धकार्यासाठीं युगोस्लाव्हियांत असतांना त्यानें प्रुफें तपासलीं व बरेच फेरफार केले. अर्थात् त्या पन्नास प्रतींतला पाठ विक्रीच्या प्रतीशीं जुळत नाहीं.

अशी प्रत घेणाऱ्यानें प्रथम पानें मोजावींत आणि मग ती पहिल्या आवृत्तीशीं ओळीनें ताडून पाहावी. फरक सांपडला तर प्रत बोलकी. न सांपडला तर ती केवळ कुतूहलाची वस्तु. वेष्टन मळलें वा फाटलें म्हणून नवी बांधणी करणें हा तर अक्षम्य उत्साह होय, कारण प्रतीची ओळख त्या वेष्टनावरच असते.

कांहीं प्रुफांचें मोल मात्र पाठभेदांनीं मोजतां येत नाहीं. अप्रकाशित लिखाण पतीवांचून कोणाला न दाखविणाऱ्या वुल्फबाईंनीं १९२५ च्या आरंभीं 'मिसेस डॅलोवे'चीं प्रुफें फ्रान्समध्यें मरणोन्मुख असलेल्या झाक राव्हेरा या चित्रकार मित्राकडे धाडलीं. त्यानें कादंबरीविषयीं पत्र पाठविलें, आणि त्या पत्राचा आनंद बाईंनीं आपल्या रोजनिशींत नोंदविला. मार्चमध्यें राव्हेरा वारला. कादंबरी प्रसिद्ध झाली ती १४ मे रोजीं.