नवी डोंगरी स्नोमोबील आली, पण ऐकायचं कोणाचं?



गेल्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्या काकूंचा निरोप आला. मुलगा चोवीस वर्षांचा, नोकरीला लागून दोन वर्षं झाली. मित्रांबरोबर दोनदा भाड्याची स्नोमोबील चालवून आला आणि आता स्वतःची, तीही डोंगरात चालवायची, घ्यायची म्हणतोय. किंमत वीस हजार डॉलरच्या घरात. रोज रात्री लोक काय म्हणतात ते बघत बसतो. एक म्हणतो, अशी गाडी आजवर झाली नाही. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात. काकू विचारतात, "मला यातलं काही कळत नाही. मी त्याला विचारू तरी काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या.

आधी ही गाडी म्हणजे काय ते बघू. भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा आखलेल्या वाटेवरून चालवायची गाडी. डोंगरी स्नोमोबील वेगळी. तिचा पट्टा, म्हणजे ट्रॅक, लांब असतो, १४६ ते १६५ इंच किंवा त्याहूनही जास्त. त्याला अडीच-तीन इंच उंचीचे रबरी दात असतात. छातीभर भुसभुशीत बर्फात न रुतता चढावर जायचं, हे तिचं काम. वजन साधारण दोनशे किलो. इंजिन बहुधा टू-स्ट्रोक, आपल्याकडच्या जुन्या आरएक्स शंभरसारखं. आणि गिअर बदलायचे नाहीत. कायनेटिक होंडा आठवते ना? बेल्टवर चालायची, नुसता अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा. तेच तत्त्व इथेही आहे.

आता नव्या गाडीबद्दल लोक बोलतात ते कसं ऐकायचं? यासाठी एक खरं उदाहरण घेऊ. आर्क्टिक कॅट ही मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स गावची जुनी कंपनी. तिने 'कॅटलिस्ट' नावाचा नवा सांगाडा आणला, २०२४ च्या मॉडेल्सपासून. इंजिन, चालक आणि ट्रॅक फिरवणारा भाग हे सगळं गाडीच्या मध्याकडे ओढून घेतलेलं, म्हणजे वजन एका जागी आणि गाडी वळवायला हलकी. ट्रॅकला ताकद पोचवायला साखळीऐवजी दातेरी बेल्ट. या गाडीबद्दलच्या प्रतिक्रिया तीन लाटांमध्ये आल्या, आणि प्रत्येक लाटेचं म्हणणं वेगळं होतं.

पहिली लाट गाडी नुसती बघून आलेली. नव्या ढाच्यात पहिल्या वर्षी फक्त ६०० सीसीचं इंजिन होतं. डोंगरात फिरणारे लगेच म्हणाले, दिसायला छान आहे, पण मोठं इंजिन कुठे आहे? यात एक गोष्ट लक्षात घ्या. या धंद्यात पुढच्या हंगामाची मॉडेल्स हिवाळा संपता संपता जाहीर होतात आणि वसंत ऋतूत आगाऊ पैसे भरून नोंदणी होते. वाढीव वॉरंटीसारखी आमिषंही तेव्हाच मिळतात. म्हणजे ज्या वेळी सगळ्यात जास्त बोललं जातं, त्या वेळी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती गाडी चालवलेली असते. मुलगी बघायला जाण्याआधीच फोटोवरून पत्रिका जुळवण्यातला प्रकार!

दुसरी लाट प्रत्यक्ष बर्फात बसल्यावरची. आता सूर बदलला. झाडांमधून गाडी वळवताना, उताराला आडवं जाताना ती हलकी वाटते, लहान इंजिन असूनही मजा येते, असं बरेच जण म्हणू लागले. मग २०२५ च्या मॉडेल्समध्ये कॅटलिस्टला ८५८ सीसीचं इंजिन मिळालं आणि 'हेच तर हवं होतं' असा सूर निघाला. याच गाडीच्या 'अल्फा वन' प्रकारात ट्रॅकखाली दोनऐवजी एकच रूळ असतो. खोल बर्फात ती पटकन कलते, म्हणून काहींना ती फार आवडते. घट्ट बर्फावर तीच काहींना डुगडुगते असं वाटतं. गाडी तीच, मतं दोन. कारण चालवणारे वेगळे आणि बर्फ वेगळा.

इंजिनाची तक्रार मात्र नुसती हौस नव्हती. आपलं डेन्व्हर जवळपास कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर आहे. व्हेल पास त्याच्या दुप्पट, १०,६६२ फूट. उंची वाढते तशी हवा विरळ होते आणि साधं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के गेली. टर्बो असलं की हवा दाबून आत भरली जाते आणि हा तोटा भरून निघतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच टर्बो लावलेलं टू-स्ट्रोक इंजिन दिलं. आठ हजार फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर कायम राहते, असं कंपनीने सांगितलं. पोलॅरिसनेही २०२२ च्या मॉडेल्समध्ये टर्बो आणला. कॅटलिस्टला तो नव्हता. म्हणून कोलोरॅडोतला चालक कुरकुरला, तर सखल भागातल्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तेव्हा कोणाचंही मत ऐकताना आधी विचारायचं, हा माणूस किती उंचीवर चालवतो?

तिसरी लाट गाडीबद्दल नव्हती, कंपनीबद्दल होती. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबीलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं; उत्तर अमेरिकेत २०२५ ची मॉडेल्स शेवटची. त्यानंतर २०२४ च्या अखेरीला आर्क्टिक कॅटच्या मालक कंपनीने, टेक्स्ट्रॉनने, उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. ज्यांनी नुकती गाडी घेतली होती त्यांच्या पोटात गोळा आला. सुटे भाग मिळतील का? वॉरंटीचं काय? जवळचा डीलर दुकान चालू ठेवेल का? २०२५ मध्ये कंपनी नव्या मालकांकडे गेली आणि गाडा पुढे सरकला. पण धडा राहिलाच. इतकी महाग गाडी घेताना फक्त गाडी बघायची नसते, तिच्यामागे उभं कोण आहे तेही बघायचं असतं.

आता काकूंच्या मुद्द्याकडे येते. या तिन्ही लाटांमध्ये एक गोष्ट फार कमी बोलली जाते, आणि आईच्या जिवाला खरी काळजी तिचीच असायला हवी. पूर्वी उंच, खोल बर्फाच्या उतारांवर पोचायला वर्षानुवर्षांचा सराव लागायचा. नवशिके खालीच रुतून बसायचे. एका अर्थी ते रुतणंच त्यांना वाचवायचं. नवी गाडी हलकी, ताकदवान, चुका पोटात घालणारी. दोन हंगामांचा मुलगाही ती सहज वर नेते. गाडी वर पोचते, पण त्या उताराची समज तितक्या लवकर पोचत नाही.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि डोंगरी गाडीची मजा नेमकी तिथेच असते. माणूस बर्फाखाली गेला तर जगण्याची चांगली शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही. वाचवणारे हात बरोबरच्या मित्रांचेच.

म्हणून काकू, हॉर्सपॉवर विचारू नका. हे विचारा.

पहिलं, बरोबर कोण आहे? प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर आणि पाठीवरच्या पिशवीत फावडं आणि प्रोब आहे का? गाडीच्या डिकीत नको. गाडी वाहून गेली तर सामानही गेलं. ट्रान्सीव्हरजवळ मोबाइल किंवा गरम होणारे हातमोजे नकोत. एरवी २० सेंटीमीटर आणि शोधताना ५० सेंटीमीटर अंतर हवं.

दुसरं, क्लास केला का? हिमस्खलनाचे प्राथमिक वर्ग असतात, काही तर खास स्नोमोबीलवाल्यांसाठी. टर्बोच्या पैशांपुढे त्याची फी काहीच नाही.

तिसरं, आजचा अंदाज वाचला का? कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटर हिवाळ्यात रोज तो देतं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आणि तिसऱ्या पायरीला 'मधली' म्हणून हलकं घ्यायचं नसतं.

चौथं, मित्र चढावर अडकला तर काय करशील? उत्तर 'वर जाऊन मदत करीन' असं आलं, तर गाडीची नोंदणी थोडी थांबवा. एका उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून लक्ष ठेवायचं. हे त्याला माहीत असायला हवं.

आणि पैशांपुरतं सांगायचं, तर नवा सांगाडा असेल तेव्हा एक हंगाम थांबायला हरकत नाही. वर्षभर चालवलेल्यांचं ऐका, जवळच्या डीलरला भेटा, रिकॉल झालं आहे का ते तपासा आणि विम्यात काय वगळलं आहे ते वाचा.

मुलाला 'नको' म्हणायची गरज नाही. बर्फात त्याचं मन रमतंय, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त गाडीइतकाच वेळ त्याने उतार ओळखायला द्यावा, एवढंच मागा. आणि निघताना कुठे जातोय, किती वाजता परतणार, ते फ्रिजवर लिहून ठेवायला सांगा. आईच्या हातात तेवढा तरी कागद हवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. जपून राहा, नमस्कार!